वाईनचे प्रश्न: अमारोने, म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची वाईन

आम्ही तासगावकर द्राक्षं सुकवून बेदाणा करतो. इटलीत सुकवलेल्या द्राक्षांची वाईन करतात म्हणे. मग आमच्या बेदाण्याची का नाही?

इटलीत करतात हे खरं. व्हेरोना शहराच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्ला नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथली ही अमारोने. कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला ही तिथली मुख्य द्राक्षं. सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडक घड काढून हवेशीर माळ्यावर पसरतात. पूर्वी त्यासाठी बांबूचे किंवा बोरूचे ताटवे असत, आता बऱ्याच ठिकाणी क्रेट आले. घड तीन-चार महिने तसेच राहतात आणि वजन तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटतं.

तुमच्या शेडशी तुलना केली की फरक कळतो. तुम्ही घड डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवता, सालीवरचा मेणाचा थर जातो, वर उन्हाळा. पंधरा-वीस दिवसांत माल तयार. तिथे साल तशीच ठेवतात आणि बाहेर थंडी असते. पाणी इतकं सावकाश उडतं की दाण्यात आतल्या आत बदल होत राहतात. शिवाय बेदाण्यात ओलावा उरतो पंधरा टक्क्यांच्या आसपास. तो दाबून रस निघायचा नाही. अमारोनेचा दाणा सुरकुततो, पण आत गर असतो. त्यांना भीती धुक्याची. दमट हवा लागली की बुरशी, म्हणून आता माळ्यावर पंखे फिरतात. अवकाळीच्या ढगाकडे बघत बसणं तुम्हाला काही नवीन नाही!

‘अमारो’ म्हणजे कडू ना? वाईन कडू लागते का?

कडवटपणा किंचित, तोही शेवटी. नाव पडलं ते गोड भावंडामुळे. मूळ वाईन रेचोतो, म्हणजे याच सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाईन. सहाव्या शतकात कासिओदोरुस या मंत्र्याने राजाच्या मेजासाठी व्हेरोनाकडची सुकवलेल्या द्राक्षांची वाईन मागवली होती, त्याचं पत्र उपलब्ध आहे. रेचोतोचं पिंप जास्त दिवस आंबत राहिलं की यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं आणि वाईन ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली होते. १९३६ साली तिथल्या सहकारी वाईनरीत असंच एक विसरलेलं पिंप सापडलं आणि अमारोनेचा जन्म झाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे. पण पिंपं विसरणारी माणसं त्याआधीही असणारच.

एवढी महाग का?

नियमानुसार १०० किलो ताज्या द्राक्षांमागे जास्तीत जास्त ४० लिटर अमारोने. त्याच भागातल्या साध्या ‘वाल्पोलिचेल्ला’ वाईनला ७० लिटरची मुभा आहे. वर माळ्याचं भाडं, हाताने निवड, किमान दोन वर्षं मुरवणं. लेबलावर ‘रिझेर्वा’ लिहायचं तर चार. अल्कोहोल किमान १४ टक्के, प्रत्यक्षात बहुधा १५-१६. तरीही काही बाटल्यांची किंमत निव्वळ लेबलाची असते, हेही सांगून ठेवतो.

रिपासो स्वस्त मिळते. चहाच्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतण्यातला प्रकार नाही ना?

नाही, कारण ओततात ती तयार वाल्पोलिचेल्ला वाईन, पाणी नव्हे. अमारोने काढून घेतल्यावर उरलेल्या सालींत थोडी साखर आणि यीस्ट असतं, त्यावर ही वाईन पुन्हा आंबते आणि अंगाने भरते. पहिल्यांदा चव घेणाऱ्याने रिपासोपासूनच सुरुवात करावी, असं माझं मत.

मटणाच्या रश्श्याबरोबर चालेल?

झणझणीत रश्श्याबरोबर नको. एवढ्या अल्कोहोलला तिखटाची जोड मिळाली की तोंडाची आग होते. व्हेरोनात ती सावकाश शिजवलेल्या मांसाबरोबर किंवा मुरलेल्या चीजबरोबर घेतात. भातही तिच्यातच शिजवतात. आपल्याकडे कमी तिखटाचं भाजलेलं मटण चालेल. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे तिथली १६-१८ अंशांची खोली, एप्रिलातली पुण्याची नव्हे.