वाचकांचे प्रश्न : ‘पोर्टल’च्या दहाव्या कक्षात

प्रश्न : निवृत्तीनंतर मुलीच्या आग्रहावरून ‘पोर्टल’ हा कोड्यांचा व्हिडिओ गेम खेळू लागले आहे. सारे काही नायिकेच्या डोळ्यांनी पाहावे लागत असल्यामुळे थोड्याच वेळात गरगरते. शिवाय दहाव्या कक्षातील उंच कट्ट्यावर काही केल्या पोहोचता येत नाही. मुलगी म्हणते, “यूट्यूबवर उत्तर बघ आणि पुढे चल.” तसे करावे का? गेम विनोदी आहे असेही ती सांगते. पण मी कोड्यातच इतकी गुंतलेली असते की गेममध्ये सूचना देणाऱ्या बाईच्या बोलण्याकडे लक्षच जात नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ आपल्या शेवटच्या वाक्यात आहे. ती बोलणारी बाई, म्हणजे नायिकेची चाचणी घेणारी ग्लॅडॉस नावाची संगणकप्रणाली, कोड्यांना तोंडी लावण्यासाठी ठेवलेली नाही; कोडी शिकवण्याचे काम तिच्याकडे आहे आणि गेमचा विनोद तिच्या शिकवण्याच्या तऱ्हेतच आहे. गेममध्ये निळे आणि नारिंगी अशी दोन द्वारे एकमेकांना जोडलेली असतात; एकात शिरले की दुसऱ्यातून बाहेर पडता येते. दहाव्या कक्षात ती सांगते त्याचा मथितार्थ असा की, द्वारातून जाताना संवेग टिकून राहतो, म्हणजेच वेगाने आत गेलेली वस्तू वेगानेच बाहेर पडते. (काटेकोरपणे पाहता हे बरोबर नाही, कारण संवेगाला दिशा असते आणि येथे दिशाच बदलते, भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी तेवढे चालवून घ्यावे.) या कक्षापर्यंत नायिकेच्या हातातील यंत्रातून फक्त निळे द्वार उघडता येते, नारिंगी द्वार गेमने आधीच उघडून ठेवलेले असते. तेव्हा वर कसे चढावे हा विचार सोडून खाली कोठे पडता येईल ते पाहावे. नायिकेच्या पायांना स्प्रिंगा बसवलेल्या असल्यामुळे उंचावरून पडून तिला इजा होत नाही. याहून अधिक सांगितले तर आमच्यात आणि यूट्यूबमध्ये फरक तो काय राहिला?

उत्तर पाहू नये असे आम्ही म्हणतो ते शिस्तीच्या हौसेपोटी नव्हे. ‘पोर्टल’ तीन-चार तासांत संपतो, त्यात भरताड जवळपास नाही, आणि एका कक्षात शिकलेली युक्ती पुढच्या कक्षांत गृहीत धरलेली असते. त्यामुळे दहावा कक्ष उसन्या उत्तरावर ओलांडला तर पुढे पुन्हा उसनवारीच करावी लागते.

आता विनोदाविषयी. एका कक्षाच्या आरंभी ग्लॅडॉस बजावते की, तळाला स्पर्श झाल्यास आपल्या चाचणीच्या नोंदीत ‘असमाधानकारक’ असा शेरा पडेल आणि त्यानंतर मृत्यू येईल. आधी शेरा, मग मृत्यू! हा क्रम आणि तो सांगतानाचा कार्यालयीन थंडपणा यांत सारी गंमत आहे, आणि एलन मॅक्लेन या ऑपेरा गायिकेच्या आवाजामुळे ती अधिकच खुलते. पण याच वाक्यात तळ जीवघेणा आहे ही कामाची सूचनाही येऊन गेली, हे लक्षात घ्यावे. सतराव्या कक्षात याचा उत्तम नमुना भेटेल. तेथे एक ठोकळा शेवटपर्यंत सोबत न्यावा लागतो. परंतु गेम तयार होत असताना तो चाचणीसाठी खेळणारे लोक हा ठोकळा वाटेतच टाकून देत, असे निर्मात्यांनी गेममध्येच ठेवलेल्या आपल्या भाष्यात सांगितले आहे. त्यावर त्यांनी उपाय असा केला की, ठोकळ्यावर हृदयाचे चित्र काढले आणि हा आपला साथीदार आहे, असे ग्लॅडॉसच्या तोंडून वदवले. खेळणाऱ्यांना त्या निर्जीव वस्तूचा असा काही लळा लागला की ती मागे राहीना. पुढे ग्लॅडॉस त्या लळ्याचे काय करते ते आपणच पाहावे.

संवाद निसटू नयेत म्हणून उपशीर्षके सुरू करावीत आणि कक्षात शिरल्यावर तिचे बोलणे संपेपर्यंत जागेवरच उभे राहावे. गरगरण्यावरही हा थांबा उपयोगी पडतो, कारण त्रास बहुधा सतत नजर फिरवण्याने होतो, आणि जमिनीतल्या द्वारातून बाहेर पडताना दृश्य गर्रकन सुलटे होते तेव्हा तो अधिक जाणवतो. खोलीत दिवा लावून, पडद्यापासून थोडे लांब बसून, माउसची गती कमी करून खेळावे आणि मळमळू लागताच उठावे. अर्धवट राहिलेला कक्ष जतन करून ठेवता येतो.