सरकार बदललं की अर्थव्यवस्था बदलते का? आमच्या अडकलेल्या बिलाचा अनुभव

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सत्तेवर कुठला पक्ष आहे यानं अर्थव्यवस्थेत फरक पडतो का, आणि सरकार बदलल्यावर तुमच्या रस्त्याच्या कामाचं बिल का अडकलं. दुसरी वाचली आणि लिहायला बसलो, कारण आमचंही हेच झालं होतं.

पहिलीचं थोडक्यात सांगतो. मी अर्थतज्ज्ञ नाही, पण लोक भांडतात तेवढा फरक मला तरी दिसत नाही. कांद्याचंच बघा. २०१० मध्ये केंद्रात काँग्रेस. भाव भडकले, निर्यातबंदी. २०१९, २०२०, २०२३ मध्ये भाजप. भाव भडकले, निर्यातबंदी. जीएसटीची घोषणा २००६ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी केली, लागू झाला २०१७ मध्ये मोदी सरकारच्या काळात. मधल्या काळात बाकं बदलली तशा हरकती घेणारेही बदलले.

खरा मार बसतो तो सत्ताबदलाच्या वेळी. आधीच्यानं मंजूर केलेलं नवा थांबवतो, मग पक्ष कुठलाही असो. २०१९ च्या नोव्हेंबरात आरेतल्या मेट्रो कारशेडचं काम थांबलं, जागा कांजूरमार्गला गेली, तिथं कोर्टाची स्थगिती, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर परत आरे. जलयुक्त शिवार बंद पडली आणि पुढे २.० होऊन परत आली. मधल्या काळात पोकलेनवाल्यांचे हप्ते कुणी भरले, ते त्यांनाच विचारा.

२०२२ च्या जुलैत आधीच्या सरकारच्या कामांवर स्थगित्या आल्या. आमच्या रस्त्याचं खडीकरण झालेलं, डांबर बाकी. कार्यारंभ आदेश हातात, एमबीत (कामाच्या मोजमाप वहीत) मोजमाप चढलेलं. तरी एका कार्यालयानं (नाव घेत नाही) बिल काढलं नाही. म्हणे, ‘तुमचं काम स्थगितीत येतं का, याचं मार्गदर्शन वरून मागवलंय.’ वर गेलो, तर तिथं असं पत्रच आलेलं नाही. शेवटी ओळखीच्या शिपायानं फाइल उघडून दाखवली: पत्र तयार, सही झालेली, जावक क्रमांकही पडलेला, आणि पत्र फाइललाच टाचलेलं. पाठवायचं कुणाच्या लक्षात नाही, की पाठवायचंच नव्हतं, देव जाणे. तोवर अख्खा पावसाळा गेला. खडी उखडली ती परत अंथरायचा खर्च आमच्याच अंगावर, सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जखात्याचं) व्याज चालूच, आणि क्रशरवाल्यानं फोन उचलणं बंद केलं. एवढ्या सगळ्यात मुंबईत कोण बसलंय याचा आम्हाला काय उपयोग?

तेव्हा ‘वरून मार्गदर्शन मागवलंय’ यावर विश्वास ठेवू नका. पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख मागा, आणि त्याच आठवड्यात वरच्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत तो शोधा. स्थगितीच्या आदेशाची प्रत स्वतः वाचा. टेबलावरचा माणूस सांगतो तेवढीच ती नसते. प्रत देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं काम आहे. पुढाऱ्याचं पत्र आणायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत नको असंच. उद्या सरकार फिरलं की तेच पत्र नडतं. तुमच्या करारातली कलमं वेगळी असू शकतात, ती वकिलाला दाखवा.

आणि मशिनचे हप्ते सीसीतून भरत असाल तर आजच थांबवा. इथून पुढं निवडणुका तोंडावर असल्या की फायनल बिलाची वाट न बघता प्रत्येक टप्प्याचं रनिंग बिल आचारसंहितेआधी टाकून मोकळे व्हा.