वाचक विचारतात : शेजारच्या शेतात फ्रॅकिंग

प्रश्न : अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गच्या दक्षिणेला वॉशिंग्टन काउंटीत आम्ही घर बघितलं आहे. पाणी घरच्या बोअरचं. शेजारच्या शेतात फ्रॅकिंगच्या विहिरी होणार असं कळलं. घर घ्यावं का? घेतलं तर पाण्याचं काय?

उत्तर : फ्रॅकिंग म्हणजे खोलवरच्या खडकात पाणी, वाळू आणि रसायनं जोरात सोडून तो फोडणं आणि त्यातला गॅस काढणं. विहिरी घरापासून एक किलोमीटरच्या आत येणार असतील आणि घरात लहान मूल असेल किंवा व्हायचं असेल, तर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण तिसऱ्या उत्तरात दिलं आहे.

तरीही घेतलंत, तर शेतात यंत्रं उतरायच्या आधी पाणी तपासून घ्या. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्यानुसार गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आतलं पाणी काम संपल्यापासून १२ महिन्यांत बिघडलं, तर दोष कंपनीचाच मानला जातो. पण पाणी आधीपासून खराब होतं हे कंपनीने दाखवलं, किंवा तुम्ही त्यांना तपासणी करू दिली नाही, तर हा आधार जातो. म्हणून कंपनीचा माणूस आला तर अडवू नका. त्याच्या अहवालाची प्रत मागा आणि स्वतःची तपासणी वेगळी करा.

प्रयोगशाळा राज्याची मान्यता असलेली हवी आणि नमुना तिच्याच माणसाने घ्यायला हवा. तुम्ही बाटली भरून नेलीत तर ती वादात टिकत नाही. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला, याची सह्यांसह नोंद लागते. फिल्टर आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) यांच्या आधीच्या नळातून, पाण्याचं तापमान स्थिर होईपर्यंत पंप चालवून मगच नमुना घ्यायचा. मिथेनची (नैसर्गिक वायूतल्या मुख्य वायूची) बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरावी लागते आणि बर्फात ठेवावी लागते. बुडबुडा राहिला तर गॅस त्यात निसटतो आणि आकडा खोटा कमी येतो. मिथेन, इथेन, क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम, सोडियम, लोह, मँगॅनीज, आर्सेनिक, एकूण विरघळलेले क्षार आणि कोलिफॉर्म जंतू एवढं यादीत असू द्या. बोअरची पाणीपातळीही लिहून ठेवा.

क्लोराइड एकटं वाढलं तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठही कारण असू शकतं. सोबत बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि ब्रोमाइड वाढलं, तर संशय गॅसविहिरीच्या खाऱ्या पाण्यावर जातो. मिथेन लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत असेल तर अधूनमधून तपासत राहा. १० च्या वर गेलं तर बोअरला हवा जाणारं झाकण बसवून घ्या. २८ च्या वर गेलं तर त्याच दिवशी बोअरच्या खोलीत हवा खेळती करा आणि राज्याच्या पर्यावरण विभागाला कळवा. पिण्यातून मिथेन विषारी नाही, पण त्याला वास नसतो आणि बंद जागेतल्या हवेत ते ५ ते १५ टक्के झालं की एका ठिणगीत भडका उडतो.

खरेदीखतही वकिलाकडून वाचून घ्या. तिकडे जमीन एकाची आणि खालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. हक्क तुमचा नसेल तर टँकरच्या शेकडो फेऱ्या, धूळ आणि रात्रीचे दिवे तुमच्या वाट्याला, पैसे दुसऱ्याला. गावागावांतलं वितुष्ट बहुतेक इथूनच सुरू होतं. हक्क तुमचा असेल तर रॉयल्टी, म्हणजे गॅसच्या उत्पन्नातला वाटा, किमान साडेबारा टक्के मिळते. पण वाहतूक व प्रक्रियेचा खर्च त्यातून कापला जाणार नाही, हे करारात लिहून घ्या.

प्रश्न : खडक तर दीड-दोन किलोमीटर खाली फोडतात. मग वरचं पाणी कसं बिघडतं?

उत्तर : खालची भेग वर पाण्यापर्यंत येते असं क्वचितच होतं. बिघाड बहुतेक वेळा विहिरीच्या भिंतीत असतो. पोलादी केसिंग (विहिरीत बसवलेला नळ) आणि खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरतात. सिमेंट घट्ट होताना त्याचा खालच्या थरांवरचा दाब कमी होतो, आणि मधल्या थरांतला गॅस त्या ओल्या सिमेंटमधून बारीक वाटा करत वर सरकतो. केसिंग भोकाच्या मध्यावर बसलं नसेल तर एका बाजूला सिमेंट पोचतच नाही. नळाला काडी लावल्यावर पेट घेतला, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. ईशान्य पेनसिल्व्हेनियातल्या काही बोअरमध्ये मिथेन पूर्वीपासून आहे. खोलवरचा गॅस की उथळ दलदलीतला, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून (कमी-जास्त वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून) आणि इथेनच्या प्रमाणावरून ठरवतात.

दुसरा धोका वापरून परत आलेल्या पाण्याचा. मार्सेलस शेल या पेनसिल्व्हेनियाखालच्या गॅसच्या खडकातल्या एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी लागतं. त्यातलं थोडंच परत येतं, पण ते समुद्राच्या पाण्याच्या कित्येक पट खारं असतं आणि त्यात किरणोत्सारी रेडियम असतं. २०११ पर्यंत हे पाणी नगरपालिकांच्या सांडपाणी केंद्रांतून नद्यांत जात होतं. ती केंद्रं क्षार काढू शकत नाहीत. खालच्या गावांच्या जलशुद्धीकरणात क्लोरीन पडलं की या पाण्यातल्या ब्रोमाइडपासून घातक संयुगं बनत. राज्याने सांगितल्यावर ते बहुतांशी थांबलं.

प्रश्न : सून गरोदर आहे. घरापासून गॅसविहिरी जवळ आहेत. हवेचा त्रास होतो का?

उत्तर : होऊ शकतो, आणि अंतर फार महत्त्वाचं. पेनसिल्व्हेनियातल्या सुमारे ११ लाख जन्मांच्या २०१७ च्या अभ्यासात, विहिरीपासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांची बाळं कमी वजनाची असण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ३ किलोमीटरच्या पुढे परिणाम सापडला नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाने २०२३ मध्ये नैऋत्य पेनसिल्व्हेनियाबद्दल दिलेल्या निष्कर्षांत विहिरींजवळच्या मुलांमध्ये लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं) प्रमाण जास्त आढळलं, आणि दमेकऱ्यांना गॅस उत्पादनाच्या काळात तीव्र झटक्यांचा धोका कितीतरी वाढलेला दिसला. तिथे युइंग ट्यूमर या हाडांच्या कर्करोगाशी मात्र संबंध आढळला नाही.

सूनबाईंना शक्य असेल तर फ्रॅकिंग आणि त्यानंतर पाणी बाहेर येण्याचे आठवडे दूर राहायला जाऊ द्या. डिझेल इंजिनांचा धूर आणि बेंझिन तेव्हा जास्त असतं. घरातलं हेपा फिल्टर धूलिकण अडवतं, बेंझिन नाही; त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर असलेलं यंत्र लागतं. बोअरच्या पाण्याचा अहवाल येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला बाहेरचं पाणी वापरा.

प्रश्न : मुलगा ओक्लाहोमात असतो. तिथले भूकंप फ्रॅकिंगमुळेच ना? आमच्या पाटणला कोयनेचे धक्के माहीत आहेत.

उत्तर : तुलना चांगली आहे. कोयनेत जलाशयाच्या पाण्याने खडकातल्या छिद्रांतला दाब वाढून जुने प्रस्तरभंग (खडकांतल्या मोठ्या भेगा) सरकतात, असं मानलं जातं. ओक्लाहोमात तसाच दाब सांडपाण्याने वाढवला. पण ते पाणी मुख्यतः फ्रॅकिंगचं नव्हतं. तेल-वायूबरोबर वर येणारं खारं पाणी आर्बकल नावाच्या खोल थरात प्रचंड प्रमाणात सोडलं गेलं. २००९ पूर्वी तिथे ३ रिश्टरच्या वरचे वर्षाला एक-दोन भूकंप व्हायचे, २०१५ मध्ये नऊशेच्या घरात झाले. ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनीजवळ ५.८ चा झाला. पाणी सोडण्यावर मर्यादा आल्यावर धक्के बरेच कमी झाले. मुलाला घराच्या विम्यात भूकंप वेगळा जोडून घ्यायला सांगा. नेहमीच्या पॉलिसीत तो नसतो.

प्रश्न : दाभोळच्या बंदरात येणारा गॅस फ्रॅकिंगचा असतो का? आपल्याकडेही हे येणार का?

उत्तर : काही अंशी हो. गेल या सरकारी गॅस कंपनीचा अमेरिकेतला पहिला एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) लुइझियानातल्या सबाइन पास बंदरातून मार्च २०१८ मध्ये दाभोळलाच उतरला, आणि अमेरिकेतला बराचसा गॅस शेल खडकातला, म्हणजे फ्रॅकिंगचा असतो. महाराष्ट्राचा काळा कातळ मात्र लाव्हाचा आहे, त्यात शेल गॅस नसतो. भारतात शोध झाला तो दामोदर आणि खंभात खोऱ्यांत.