‘नाइफ’मधला न बोलणारा ‘के’

प्रश्न असा आला आहे: इंग्रजीत गुडघा म्हणजे ‘नी’, सुरी म्हणजे ‘नाइफ’, गाठ म्हणजे ‘नॉट’, सरदार म्हणजे ‘नाइट’, जाणणं म्हणजे ‘नो’, ठोठावणं म्हणजे ‘नॉक’. हे सगळे शब्द लिहिताना सुरुवातीला ‘के’ येतो आणि बोलताना तो कुठेच ऐकू येत नाही. मग तो लिहायचाच कशाला? या शब्दांच्या अर्थांमध्ये काही नातं आहे का? आणि मुलांना हे शब्द शिकवायचे तर कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तो ‘के’ एके काळी ठणठणीत उच्चारला जात होता. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत गुडघ्याला ‘क्नेओ’, गाठीला ‘क्नोत्ता’, कणीक तिंबण्याला ‘क्नेदन’ असं म्हणत. तेव्हा तिथे ‘के’ऐवजी ‘सी’ लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच वळणाची लेखनपद्धती रुजली आणि पुढच्या काळात ‘एन’च्या आधी ‘सी’च्या जागी ‘के’ आला. अक्षर बदललं तरी उच्चार तोच राहिला. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना उघडला, तेव्हाही लोक ‘क्नी’ आणि ‘क्नॉट’ असंच बोलत होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ‘क्’ झपाट्याने गळू लागला आणि अठराव्या शतकात शिष्ट उच्चारातून पुरता गेला. तोवर छपाईमुळे शब्दांची लेखी रूपं बरीच घट्ट झाली होती. बोलणं पुढे गेलं, लिहिणं जागेवर राहिलं.

‘क्न’ म्हणायला अवघड म्हणून ‘क्’ गेला, असं कारण बऱ्याचदा दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’, गाठीला ‘क्नोटन’ आणि कणीक मळण्याला ‘क्नेटन’ म्हणतो. डच, डॅनिश आणि स्वीडिश लोकांनीही तो ‘क्’ सोडलेला नाही. त्यांच्या जिभा काही वेगळ्या नाहीत. काही जोडाक्षरं काही भाषांत झिजतात आणि शेजारच्या भाषेत टिकतात, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

हा प्रकार मराठी माणसाला परका वाटू नये, कारण आपल्याकडे ‘ज्ञ’चं नेमकं हेच झालं आहे. मूळ संस्कृतात ते ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचं जोडाक्षर. आज मराठीत आपण त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदीत ‘ग्य’ करतात, गुजरातीत ‘ग्न’च्या जवळचा करतात. म्हणजे लेखन एक आणि उच्चार तीन. हे झालं तत्सम शब्दांचं. प्राकृतातून झिजत आलेल्या शब्दांत तर ‘ज्ञ’मधला ‘ज्’ पार नाहीसा झाला. ‘राज्ञी’ची ‘राणी’ झाली. ‘आज्ञा’पासून शपथेच्या अर्थाची ‘आण’ आली. ‘विज्ञप्ती’ची ‘विनंती’ झाली. ‘क्नी’चं ‘नी’ होणं आणि ‘राज्ञी’चं ‘राणी’ होणं, दोन्हीकडे अनुनासिक उरलं आणि त्याच्या आधीचं व्यंजन गेलं. फरक इतकाच की आपण ‘राणी’ जशी बोलतो तशी लिहिली आणि इंग्रजांनी ‘नी’ हजार वर्षांपूर्वीच्या थाटात लिहिली. आपण ‘राणी’ लिहिताना त्यात ‘ज्ञ’ ठेवला असता, तर मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने आपल्यालाही हाच प्रश्न विचारला असता.

आणि हे साम्य नुसतं उच्चाराच्या झिजण्यापुरतं नाही. इंग्रजी ‘नो’ आणि आपला ‘ज्ञा’ धातू हे सख्खे नातलग आहेत. 1786 मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात, असं मांडलं. याकोब ग्रिमने 1822 मध्ये या भाषांतल्या व्यंजनांचे बदल नियमात बसवून दाखवले. त्यानुसार जिथे ग्रीक-लॅटिनमध्ये ‘ग’ दिसतो तिथे इंग्रजी-जर्मन कुळात ‘क’ येतो, आणि अशा काही शब्दांत संस्कृतात ‘ज’ असतो. संस्कृत ‘जानु’, ग्रीक ‘गोनु’, लॅटिन ‘गेनू’, जुनी इंग्रजी ‘क्नेओ’. जानु म्हणजे गुडघा हे आपण विसरलेलो असलो तरी गुडघ्यापर्यंत हात पोचणाऱ्याला ‘आजानुबाहू’ म्हणतोच. तसंच ‘ज्ञा’, ग्रीक ‘ग्नोसिस’ आणि इंग्रजी ‘नो’. डॉक्टरांचं ‘डायग्नोसिस’, ‘रेकग्नाइझ’ आणि टी. एच. हक्सलीने 1869 मध्ये घडवलेला ‘अॅग्नॉस्टिक’ हे सगळे याच घरातले. त्यांतला ‘ग’ ऐकू येतो, कारण त्याच्या आधी स्वर आहे आणि ‘ग्’ला टेकायला जागा मिळते. ‘अॅक्नॉलेज’मध्ये ‘क’ उच्चारतात तो याच कारणाने. ‘नॉलेज’मध्ये मुका झालेला ‘के’ तिथे पुन्हा बोलतो. मुलांना हे एकदा सांगितलं की ती ‘अॅनॉलेज’ असा चुकीचा उच्चार करत नाहीत.

आता अर्थांच्या नात्याकडे. सगळे शब्द एका मुळाचे नाहीत. पण त्यांच्यात एक कळप नक्की दिसतो, तो म्हणजे गाठ, गोळा किंवा उंचवटा या अर्थाचा. ‘नॉट’ म्हणजे गाठ, ‘नॉब’ म्हणजे दाराची किंवा रेडिओची गोल मूठ, ‘नकल’ म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारा बोटाचा सांधा, ‘नोल’ म्हणजे छोटी टेकडी. एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द एका अर्थाभोवती जमतात, या गोष्टीसाठी जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने 1930 मध्ये एक पारिभाषिक संज्ञाही घडवली. मराठीतही ‘ग’चा असाच कळप पाहा: गाठ, गोळा, गड्डा, गोटा, गुठळी, गाठोडं. पण आवाज आणि अर्थ जुळले एवढ्यावरून सगळे शब्द एका मुळाचे ठरत नाहीत. म्हणून या कळपाची गंमत घ्यावी, पण ‘नो’ किंवा ‘नाइफ’ला ओढून त्यात बसवू नये. ‘नाइफ’ तर मुळात इंग्लंडचाही नाही, तो व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आला.

अर्थाच्या प्रवासाच्या दृष्टीने मला सगळ्यांत लोभस वाटते ती ‘नाइट’ आणि ‘नेव्ह’ ही जोडी. दोघांचाही मूळ अर्थ मुलगा. मुलगा म्हणजे हाताखालचा पोऱ्या, म्हणून पुढे दोघांचाही अर्थ नोकर झाला. इथून वाटा फुटल्या. ‘नाइट’ राजाच्या पदरी गेला, घोड्यावर बसला, लढवय्या झाला आणि शेवटी मानाचा किताब झाला. भाषाशास्त्राचा विषय निघालाच आहे म्हणून आठवण करून देतो: ज्यांनी 1877 मध्ये मुंबईत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर विल्सन व्याख्यानं दिली, त्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावामागे ‘सर’ लागलं ते हाच किताब मिळाल्यामुळे. ‘नेव्ह’चं नशीब उलटं. तो नोकराचा लबाड नोकर झाला आणि लबाडाचा बदमाश. जर्मन भाषेत यांचे भाऊ अजून जुन्या जागी आहेत: ‘क्नाबं’ म्हणजे मुलगा आणि ‘क्नेष्ट’ म्हणजे चाकर.

पत्त्यांत राजा-राणीच्या खालच्या पानाला इंग्रजीत पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत. आपण त्याला गुलाम म्हणतो, आणि त्या पानाचा जुना अर्थ आपल्या शब्दात चोख उतरला आहे. पुढे पानाच्या कोपऱ्यात अक्षरं छापायची वेळ आली तेव्हा राजाचा ‘के’ आणि नेव्हचे ‘के-एन’ यांची गल्लत होऊ लागली, आणि ‘जॅक’ या नावाने बाजी मारली. बुद्धिबळातही तीच अडचण. आपला घोडा म्हणजे त्यांचा नाइट. डाव लिहिताना राजाला ‘के’ दिला, मग घोड्यासाठी ‘एन’ घेतला. नोंदीत ‘एन’ पाहून गोंधळणाऱ्या मुलांना हे कारण सांगावं.

वापराच्या दृष्टीने सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा तो ‘नो’ला. मराठीत त्याचं काम किमान चार क्रियापदांत वाटलेलं आहे. उत्तर माहीत असतं किंवा ठाऊक असतं, माणसाला आपण ओळखतो, पोहायला आपल्याला येतं आणि कुणाचं मन आपण जाणतो. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी ‘नो’ चालतो, पण त्याच्या मागे काय येतं ते बदलतं. ‘आय नो हिम’ म्हणजे मी त्यांना ओळखतो, आमचा परिचय आहे. ‘आय नो ऑफ हिम’ म्हणजे नाव ऐकून आहे, भेट नाही. ‘आय नो अबाउट इट’ म्हणजे त्या प्रकरणाची माहिती आहे. नोकरीच्या मुलाखतीत एखाद्या मोठ्या माणसाबद्दल ‘आय नो हिम’ म्हणून बसलात, तर समोरचा तुमची ओळख आहे असं समजेल.

आपली मुलं ‘आय नो स्विमिंग’ असं हमखास म्हणतात. ‘मला पोहणं येतं’ याचा तो थेट उतारा. तिथे ‘आय नो हाउ टु स्विम’ म्हणावं, किंवा सरळ ‘आय कॅन स्विम’. हा ‘कॅन’सुद्धा ‘नो’च्याच मुळापासून आला आहे. त्याचा जुना अर्थ जाणणं हाच होता, आणि जाणण्यातून करता येणं आलं. ‘आय अॅम नोइंग’ मात्र टाळावं. माहीत असणं ही चालू असलेली क्रिया नाही, ती स्थिती आहे, आणि इंग्रजीत ती साध्या वर्तमानकाळात सांगतात. ‘नॉलेज’चं अनेकवचन करू नये, पण ‘अ गुड नॉलेज ऑफ मराठी’ असं एकवचनी ‘अ’ लावून म्हणणं बरोबर आहे.

‘नॅक’साठी मराठीत ‘हातोटी’ इतका नेमका शब्द आहे की दुसरा शोधू नये. ‘नो-हाउ’ म्हणजे शिकून आणि करून आलेलं कसब, विशेषतः तांत्रिक. हातोटी अंगची असू शकते, नो-हाउ मिळवावं लागतं.

‘नॉट’बद्दल एक नेहमीची चूक. जहाजाचा किंवा वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात तेव्हा पुढे ‘ताशी’ लावायचं नाही, कारण एक नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर. हा शब्द खरोखरच्या गाठींवरून आला. खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी जहाजाच्या मागे पाण्यात सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत. पुढे रूढ झालेलं माप म्हणजे दोन गाठींत 47 फूट 3 इंच आणि घड्याळ 28 सेकंदांचं. विणकामाचा ‘निट’ही याच गाठीचा सोयरा. त्याचा जुना अर्थ गाठ मारणं. एकमेकांना धरून असलेल्या कुटुंबाला ‘क्लोज-निट’ म्हणतात. तिथे ‘निटेड’ म्हणू नये, स्वेटर मात्र ‘निटेड’ चालतो.

‘नकल’ची दोन रूपं सारखी दिसतात आणि अर्थाने उलटी आहेत. ‘नकल डाउन’ म्हणजे नेटाने कामाला लागणं. ‘नकल अंडर’ म्हणजे नमतं घेणं. परीक्षेच्या आधी शिक्षक पहिलं सांगतात.

आपल्या घरात शिरलेला एक शब्द राहिलाच: ‘निकर’. न्यूयॉर्कमधल्या जुन्या डच वसाहतीच्या इतिहासावर वॉशिंग्टन अर्विंगने 1809 मध्ये एक विनोदी पुस्तक लिहिलं आणि लेखक म्हणून ‘निकरबॉकर’ या डच आडनावाचं पात्र उभं केलं. त्या नावावरून गुडघ्याशी आवळलेल्या सैल विजारीला ‘निकरबॉकर्स’ म्हणू लागले, त्याचं आखूड रूप ‘निकर्स’. आपल्याकडे ती शाळेतल्या मुलांची अर्धी चड्डी झाली. ब्रिटनमध्ये आज ‘निकर्स’ म्हणजे बायकांचं अंतर्वस्त्र. तिथे शिकायला जाणाऱ्यांनी ‘मी शाळेत निकर घालायचो’ हे वाक्य ‘शॉर्ट्स’ शब्दानेच सांगावं. निकर, नॉकआउट, नॉब असे शब्द मराठीत ‘क’शिवाय आले, कारण ते आपल्या कानावर पडले तेव्हा इंग्रजांनी तो टाकलेला होता.

हा ‘के’ आज निदान वाचताना कामाला येतो. रात्र आणि सरदार, ‘नाही’ आणि ‘गाठ’, ‘गरज’ आणि ‘तिंबणं’, ‘नवं’ आणि ‘जाणलं’ या जोड्या इंग्रजीत कानाला एकच आहेत. कागदावर त्यांना वेगळं ठेवण्यात या ‘के’चा वाटा मोठा आहे. शुद्धलेखन घालताना या जोड्या एकत्र घातल्या तर मुलांच्या लक्षात लवकर राहतात.

शेवटची सूचना देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी. नियम पाठ झाला की माणूस दिसेल तिथला ‘के’ गाळू लागतो, पण इंग्रजीबाहेरची नावं या नियमात येत नाहीत. इस्रायलची संसद ‘क्नेसेट’ आहे, ‘नेसेट’ नाही. 1920 चं साहित्याचं नोबेल मिळवणारे नॉर्वेजियन कादंबरीकार क्नूत हामसून, ‘नूत’ नाहीत. आणि संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ अमेरिकेत जन्मले असले तरी स्वतःचं आडनाव ‘क’ उच्चारूनच सांगतात.