'हॉलिवूड कँटीन'मधलं कँटीन म्हणजे उपाहारगृह का?

१९४४ च्या 'हॉलिवूड कँटीन' या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या म्युझिकलबद्दल, म्हणजे नाचगाण्यांच्या सिनेमाबद्दल, मराठीत लिहिताना कँटीनला उपाहारगृह म्हणावं का, असा प्रश्न आलाय. माझं मत, अजिबात म्हणू नये, कारण मग सगळा सिनेमाच हॉटेलातला वाटायला लागतो.

आपल्या डोक्यात कँटीन म्हणजे कॉलेजचं नाहीतर कारखान्याचं, चहा-वडा मिळतो ते. पण हा शब्द मुळात फौजेतला आहे. इटालियन कांतिना म्हणजे दारूचं तळघर, तिथून फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि छावणीतल्या सैनिकांच्या दुकानाला चिकटला, सैनिकाच्या पाण्याच्या बाटलीलाही कँटीनच म्हणतात. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांत लष्करी दुकानातून आणलेल्या वस्तूंना 'कँटीनचं सामान' म्हणतात ना, तो अर्थ या मुळाच्या खूप जवळचा, तिथे बसून खायचा काही संबंधच नाही.

आता सिनेमातलं कँटीन. ते खरंच होतं, लॉस एंजेलिसमध्ये काहुएंगा बुलेव्हार्डवर, बेटी डेव्हिस आणि जॉन गारफील्ड या फिल्मस्टार्सनी पुढाकार घेऊन ऑक्टोबर १९४२ मध्ये सुरू केलेलं. अंगावरचा युनिफॉर्म हेच तिकीट, आत सगळं फुकट, सँडविच, कॉफी, बँड, नाच, आणि वाढायला, भांडी घासायला, सैनिकांबरोबर नाचायला स्वतः फिल्मस्टार! दारू मात्र नाही, म्हणजे तळघरातून निघालेला शब्द दारूबंदीच्या जागी पोचला, मला हे फार आवडतं. आणि काळे-गोरे सैनिक एकाच हॉलमध्ये, तेही अमेरिकेच्या सैन्यातच वेगवेगळ्या तुकड्या होत्या त्या काळात, ही गोष्ट मला तिथल्या सगळ्या स्टार्सपेक्षा मोठी वाटते. नोव्हेंबर १९४५ मध्ये, दुसरं महायुद्ध संपल्यावर, ते बंद झालं.

सिनेमात सुट्टीवर आलेला एक सैनिक तिथे जातो, त्याला अभिनेत्री जोन लेस्ली भेटते आणि तो दहा लाखावा पाहुणा ठरतो, बाकी गोष्ट बेताचीच, गाणी भरपूर. न्यूयॉर्कमध्ये असंच स्टेज डोअर कँटीन होतं, नाटकवाल्यांनी चालवलेलं, त्यावरचा सिनेमा १९४३ चा.

तर नाव कँटीनच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात 'सैनिकांसाठी कलाकारांनी चालवलेलं मोफत करमणूक केंद्र' एवढं जोडा. 'सैनिक मनोरंजन गृह' वगैरे करू नका, सरकारी पाटी वाटते.