"हात तर स्टिअरिंगवरच होते": गाडी आणि मोबाईलबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या वेळी गाडी चालवताना मोबाईल वापरण्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, भरपूर आले. मी 22 वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमधे गाडी शिकवतोय, त्यामुळे जे शिकवताना पाहिलंय तेच सांगतो, आणि जिथे कायद्याचं आहे तिथे कायद्याचं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, समजून घ्या.

प्रश्न: माझ्या कारमधे ब्लूटूथ आहे. फोन खिशात, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तरी बायको बोलू देत नाही. कायद्याने हे चालतं ना? (नाशिक)

आधी कायदा. 2019 ला मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि 1 सप्टेंबरपासून तो लागू झाला, त्यात कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंगमधे फोन आला, पण शब्द आहे हातात धरायचं उपकरण. म्हणजे ब्लूटूथवाले त्या शब्दातून सुटतात. पण तरीही सांगतो, वहिनींचंच बरोबर आहे.

1997 साली कॅनडात टोरांटोला 699 ड्रायव्हर घेतले ज्यांच्याकडे फोन होता आणि ज्यांच्या गाडीला टक्कर झालेली, त्यांची फोनची बिलं काढून टकरीची वेळ ताडून पाहिली. फोनवर बोलत असताना धोका साधारण चौपट निघाला आणि हातात न धरता बोलणारे काही जास्त सुरक्षित निघाले नाहीत. 2005 मधे ऑस्ट्रेलियात पर्थला पुन्हा तसंच पाहिलं, तिथेही चौपटच आणि तिथेही हॅण्ड्सफ्रीने फरक पडला नाही.

याचं कारण मला मैदानावर रोज दिसतं. विद्यार्थ्याचा हात जरा बसला की ड्रमच्या मधून गाडी काढायला लावतो आणि मधेच विचारतो, काल दुपारपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते क्रमाने सांग. बस एवढंच. हात स्टिअरिंगवर आहेत, डोळे समोर आहेत, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप सैल होतो, आरशात बघणं बंद होतं, आणि तिसऱ्या ड्रमला गाडी घासतेच घासते. नंतर विचारलं तर तो म्हणतो सर ड्रम दिसलाच नाही. खोटं बोलत नसतो तो, खरंच दिसलेला नसतो.

मग शेजारी बसलेल्याशी बोललेलं कसं चालतं, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. शेजारच्याला समोरचा ट्रक दिसतो हो, तो बोलता बोलता गप्प होतो, वर "अरे अरे, ब्रेक!" म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, तो विचारतो मग पुढे काय झालं?

म्हणून माझं मत, बंदी हॅण्ड्सफ्रीवर पण हवी, निदान एसटी, ट्रक, स्कूल व्हॅन यांच्यापासून तरी सुरुवात करा. हा काही माझ्या एकट्याचा हट्ट नाही, अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने 2011 मधेच तिथल्या राज्यांना हीच शिफारस केली होती.

प्रश्न: आमचे हे साताऱ्याहून रात्री भाजीचा टेम्पो घेऊन वाशी मार्केटला जातात. झोप लागू नये म्हणून मी अधूनमधून फोन करत राहते. ते हेडफोनवर बोलतात. चुकतंय का काही? (सातारा)

ताई, तुमचा प्रश्न मी दोनतीनदा वाचला. तुमची काळजी खरी आहे, त्यात काही चूक नाही. पण फोनने झोप जात नाही, माणूस हूं हूं करत राहतो आणि डोळे मिटत जातात, आणि जागा असेल तर लक्ष तुमच्याकडे असतं, रस्त्यावर नसतं.

माझा एक जुना विद्यार्थी, फार चांगला हात होता त्याचा, फोनवर बोलता बोलता उभ्या ट्रॉलीला मागून जाऊन धडकला आणि गेला. फोनच्या दुसऱ्या बाजूला त्याची आई होती. तिने फक्त "जेवलास का" विचारायला फोन केला होता. तिचा काहीच दोष नव्हता, मी तिला हे कितीदा तरी सांगितलंय पण तिला ते पटत नाही. मी ज्याला गाडी शिकवतो त्याच्या घरच्यांनाही म्हणून आता एकदा बोलावतो.

तुम्ही असं करा. दोघांनी बसून थांबे ठरवा, शिरवळ, तळेगाव, खालापूर, जे त्यांना सोयीचे पडतील ते. तिथे थांबून चहा घेतला की ते फोन करतील, तुम्ही करायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन चालू करून निघू द्या, टेम्पो कुठे आहे ते तुम्हाला रिंग न वाजवता दिसतं. कधी अगदीच फोन करावा लागला तर पहिलं वाक्य "थांबलाय का?" आणि नाही म्हणाले तर लगेच ठेवून द्या, पूर्ण बोलूच नका. आणि झोप येत असेल तर गाडी बाजूला घेऊन पंधरावीस मिनिटं डोळे मिटायचे, माल थोडा उशिरा पोचला तरी चालेल हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या, व्यापाऱ्याचा धाक फार असतो त्यांना.

प्रश्न: मी डिलिव्हरी करतो. मॅप बघितल्याशिवाय काम होत नाही, आणि चालू गाडीवर नवीन ऑर्डर वाजते, लवकर घेतली नाही तर जाते. काय करू? (पुणे)

मॅपची परवानगी आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की फोन फक्त रस्ता बघण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे हॅण्डलला पक्का स्टॅण्ड, निघायच्या आधी पत्ता टाकून झालेला, आणि डावीउजवीकडे सांगणारा आवाज मोठा. हेल्मेटमधे कानाशी फोन खोचून बोलायचं अजिबात नाही.

ऑर्डर वाजली की बाजूला घे भावा. हिशोब सांगतो, 40 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, तू तीन सेकंद स्क्रीनवर बघितलंस तर 33 मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या तीन एसटी, तेवढं अंतर तू न बघता गेलास. मधे एखादं पोर रस्त्यावर आलं तर?

पण सगळं तुझ्या गळ्यात घालणं मला पटत नाही. गाडी चालतीय की उभी आहे हे कंपनीच्या अ‍ॅपला जीपीएसवरून कळतं, मग चालत्या गाडीवर ऑर्डर वाजवायचीच कशाला? उभा राहिल्यावर दाखवा, आणि तोवर ती दुसऱ्याला देऊ नका. बंदी घालायची तर ती कंपन्यांवर पण घाला, नाहीतर दंड फक्त गाडीवरचा पोरगा भरणार.

प्रश्न: लाल सिग्नलला थांबलो असताना मेसेज बघितला, दोन हजारांचं चलन आलं. हा अन्याय नाही का? (ठाणे)

फोटो चुकीचा असेल, गाडी तुमची नसेल तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार करा. पण फोन हातात होता हे खरं असेल तर भरून टाका. ब्रिटनमधे सिग्नलला थांबलेलं असतानाही फोन हातात घेणं गुन्हाच आहे, आणि का ते कुठल्याही चौकात कळतं, हिरवा पडतो, मागचे हॉर्न मारतात, माणूस दचकून क्लच सोडतो आणि समोरून जाणारी म्हातारी त्याला दिसतच नाही. आपल्याकडे डिसेंबर 2021 पासूनचा दंड दुचाकीला 1000 आणि कारला 2000 आहे. लायसन तीन महिने सस्पेंड करा असं सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 लाच सांगितलंय, ते नेटाने झालं तर जास्त फरक पडेल असं मला वाटतं.

प्रश्न: एवढा धोका आहे तर गाड्यांमधे जॅमरच का बसवत नाहीत? आणि खरंच फोनमुळे एवढे अपघात होतात का, आकडे तर कमी दिसतात. (कोल्हापूर)

सर, जॅमर नको. खाजगी माणसाला तो लावायला बंदीच आहे, आणि अपघात झाल्यावर 108 ला फोन कशावरून करणार? मागे बसलेल्या प्रवाशाने काय गुन्हा केलाय?

आकड्यांचा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर पकडलात. 2022 मधे देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, आणि कारण म्हणून बहुतेक ठिकाणी वेगच लिहिलेला असतो. एफआयआर वाचून बघा, वाक्य ठरलेलं, "रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, भरधाव वेगात". मेलेला माणूस सांगायला येत नाही की मी मेसेज वाचत होतो, आणि जिवंत असलेला तर सांगणारच नाही. माझं म्हणणं आहे की जीव गेलेल्या प्रत्येक अपघातात त्या वेळचा फोनचा रेकॉर्ड काढणं सक्तीचं करा, मग आकडा काय आहे ते कळेल आणि बंदी हवी का हा वादच राहणार नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला 2024 पासून फोनवाले पकडणारे कॅमेरे लागलेत, चांगलंच झालं, पण आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर कॅमेरा कधी येणार?

प्रश्न: रात्रीच्या खाजगी बसचा ड्रायव्हर रील बघत गाडी चालवत होता. आम्ही सगळे गप्प बसलो, भांडण नको म्हणून. काय करायला हवं होतं?

बोलायला हवं होतं, पण एकट्याने नाही. मागून तीनचार जणांना घेऊन पुढे जायचं, ड्रायव्हरशी वाद न घालता आधी क्लीनरला सांगायचं की फोन त्याच्याकडून काढून घे. ऐकलं नाही तर सीटवरूनच व्हिडिओ काढायचा, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवायची, आणि 112 ला फोन करायचा. भीती वाटते मान्य आहे, पण मार्च 2025 मधे दादर-स्वारगेट शिवनेरीचा ड्रायव्हर मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघत गाडी चालवत होता, तेव्हा एका प्रवाशाच्या व्हिडिओमुळेच त्याला कामावरून काढलं. तुमच्याकडे त्या बसचं तिकीट अजून असेल तर त्यावर तारीख आणि गाडीची वेळ असते, आजही आरटीओला लेखी तक्रार देता येईल. तिकीट जपून ठेवा आणि या आठवड्यातच जाऊन या.