सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन पॅरिसमध्ये मेट्रोने फिरणे जमेल का?

आपल्या प्रश्नातून मला एवढे समजले: आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत, आईंचे गुडघे दुखतात, सोमवारी सकाळी शार्ल द गोल विमानतळावर उतरून शनिवारी परत निघायचे आहे आणि आपल्यापैकी कोणालाही फ्रेंच येत नाही. भाषेची काळजी आपण सर्वांत आधी मांडली आहे. माझ्या मते तिला सर्वांत शेवटी जागा द्यावी. मी पॅरिसच्या एका उपनगरात सहा वर्षे राहिलो, रोज मेट्रोने कामावर गेलो आणि त्या काळात माझ्या आईला दोनदा तिथे फिरवले. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, की पॅरिसची मेट्रो वाचायला अतिशय सोपी आहे, पण चढायला अवघड आहे. म्हणून बेत आखताना अंतर किती आहे यापेक्षा जिने किती आहेत हे आधी पाहावे.

वाचण्याचा भाग थोडक्यात आटोपतो. प्रत्येक मार्गाला एक क्रमांक आणि एक रंग आहे, आणि गाडी कोणत्या दिशेला जाणार हे तिच्या शेवटच्या स्थानकाच्या नावावरून कळते. मुंबईत फलाटावर ‘विरार’ किंवा ‘चर्चगेट’ वाचून आपण गाडी धरतो, अगदी तसेच. गार द लियों या रेल्वे स्थानकाहून लूव्र संग्रहालयाकडे जायचे असेल, तर एक क्रमांकाच्या मार्गावर ‘ला देफाँस’ लिहिलेल्या बाजूला उभे राहावे. ‘शातो द व्हँसेन’ लिहिलेली बाजू उलट दिशेची. ‘सॉर्ती’ म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ता आणि ‘कोरेस्पाँदाँस’ म्हणजे गाडी बदलण्याचा रस्ता, हे दोन शब्द पाठ केले की पाट्यांवरचे बहुतेक सगळे समजते. सावध राहायचे ते सात आणि तेरा क्रमांकांच्या मार्गांवर, कारण ते पुढे दोन फाट्यांत विभागले जातात. तिथे गाडीवरचे नाव वाचूनच चढावे. काही जुन्या गाड्यांचे दार आपोआप उघडत नाही, त्यावरची कडी उचलावी लागते किंवा बटण दाबावे लागते.

आता जिन्यांविषयी, कारण आपल्या सहा दिवसांचे सुख त्यांच्यावरच अवलंबून आहे. पॅरिसची पहिली मेट्रो १९ जुलै १९०० रोजी, जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी सुरू झाली आणि फ्युलजाँस बियँव्हन्यू या अभियंत्याच्या देखरेखीखाली पुढच्या काही दशकांत शहराच्या पोटात तिचे जाळे विणले गेले. (मोंपारनास-बियँव्हन्यू या स्थानकाच्या नावात तोच आहे. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा उच्चार ‘स्वागत’ या शब्दासारखाच होत असल्याने पाहुण्यांचा अनेकदा गैरसमज होतो.) बोगदे बहुतांशी रस्त्यांच्या खालून, त्यांच्याच वळणांनी गेले, एक मार्ग दुसऱ्याला जिथे छेदतो तिथे एकाच्या खालून दुसरा काढावा लागला, आणि दोन्हींना जोडण्यासाठी अरुंद भुयारे, चार पायऱ्या वर, दहा पायऱ्या खाली अशी रचना झाली. त्या काळी बहुतेक स्थानकांत लिफ्टचा विचार झाला नव्हता, आणि आज त्या गुंत्यात लिफ्ट बसवायला सहसा जागा सापडत नाही. तीनशेहून अधिक स्थानके असलेल्या या जाळ्यात रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता जाता येईल अशी स्थानके फार थोडी आहेत.

हे मी पहिल्या वेळी आईला घेऊन जाताना लक्षात घेतले नाही. फोनमधील नकाशाने शातले स्थानकावर चार क्रमांकाची गाडी सोडून एक क्रमांकाची धरायला सांगितले, आणि नकाशावर तो एक ठिपका असल्यामुळे मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात तिथे लांबलचक भुयारे आहेत, मध्ये पायऱ्या आहेत, आणि थांबायला जागा शोधावी लागते. आई मधल्याच एका पायरीवर बसली आणि म्हणाली, “अरे, या गावाने गड जमिनीखाली बांधलाय.” तेव्हापासून मी एक नियम केला: शातले आणि मोंपारनास येथे गाडी बदलायला लावणारा रस्ता वृद्धांसाठी घ्यायचा नाही, मग दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

या सगळ्यात मोठा आधार आहे तो चौदा क्रमांकाच्या मार्गाचा. तो १९९८ साली सुरू झाला, त्याच्या गाड्या चालकाशिवाय धावतात, आणि त्याच्या प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आहे. २०२४ च्या जून महिन्यात तो दक्षिणेला ओर्ली विमानतळापर्यंत आणि उत्तरेला सँ-दनी प्लेयेलपर्यंत वाढवला गेला. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा, की हॉटेल निवडताना आयफेल मनोऱ्याची जवळीक पाहू नका, चौदा क्रमांकाच्या मार्गाची जवळीक पाहा. गार द लियों हा परिसर मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण तिथे चौदा आणि एक हे दोन्ही मार्ग मिळतात. विमानतळावरून आरईआर बी या उपनगरी गाडीने यायचे आणि एकदाच बदलून आरईआर डी धरायची, की आपण गार द लियोंला पोहोचता. तिथून चौदा क्रमांकाने पिरामीद किंवा मादलेनला उतरून ऑपेरा आणि लूव्रचा भाग थोड्या चालण्यात होतो, तर एक क्रमांकाने बास्तीय, ओतेल द व्हील, कोंकोर्द आणि विजय-कमानीपर्यंत गाडी न बदलता जाता येते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा उघडलेले नोत्रदाम हे ओतेल द व्हीलपासून चालत जाण्याइतके जवळ आहे.

तिकिटांच्या बाबतीत आपला सोमवार ते शनिवार हा बेत फार सोयीचा ठरतो. १ जानेवारी २०२५ पासून भाड्याची रचना सोपी झाली: त्या वर्षी मेट्रो आणि आरईआरचे एक तिकीट २.५० युरो, बस आणि ट्रामचे २ युरो, आणि विमानतळाचे १३ युरो होते. या दरांत दर जानेवारीत थोडी वाढ होते, तेव्हा यंत्रावरचा आकडा प्रमाण मानावा. आठवड्याचा ‘नाविगो’ पास नेहमी सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, त्यात विमानतळाचा प्रवासही धरलेला असतो, आणि २०२५ मध्ये त्याची किंमत ३१.६० युरो होती. कार्डाचे ५ युरो वेगळे. त्या वर्षीच्या दराने विमानतळाची जाण्यायेण्याची दोन तिकिटेच २६ युरोंची होत, म्हणजे वरच्या साधारण साडेदहा युरोंत सहा दिवसांची मेट्रो, आरईआर आणि बस मिळे. प्रत्येकाला स्वतःचे कार्ड लागते आणि त्यावर अडीच बाय तीन सेंटिमीटरचे छायाचित्र चिकटवावे लागते. ते घरूनच कापून न्यावे, कारण विमानतळावर दमलेल्या माणसांना छायाचित्राचे यंत्र शोधत फिरवणे बरे नव्हे.

हा पास घेण्यामागे माझे खरे कारण मात्र बस हे आहे. पॅरिसच्या बसचा तळ रस्त्यापासून फार उंच नसतो आणि त्यांना चाकाच्या खुर्चीसाठी उतार असतो. आईंच्या गुडघ्यांना त्यांच्याइतका आराम दुसरे कोणतेही वाहन देणार नाही. ६९ क्रमांकाची बस आयफेल मनोऱ्याजवळच्या शाँ-द-मार्सपासून ओर्से संग्रहालय, लूव्र आणि बास्तीयवरून जाते. माझी आई त्या बसमध्ये खिडकीशी बसून सबंध शहर पाहत गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बसने जाऊ म्हणाली. थांब्यावर बस येताना हात दाखवायला विसरू नये.

तरीही सहा क्रमांकाच्या मार्गाने एकदा तरी न्याच. विजय-कमानीजवळच्या शार्ल द गोल-एत्वालला तो सुरू होतो. ‘नासियों’च्या दिशेने डाव्या खिडकीशी बसवावे. पासी स्थानकानंतर गाडी उघड्यावर, सेन नदीच्या पुलावर येते आणि डावीकडे पूर्ण आयफेल मनोरा दिसतो. पुढच्याच बीर-आकेमला उतरून मनोऱ्यापर्यंत चालत जाता येते.

सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळा टाळाव्यात. गर्दी झाली की दाराजवळच्या दुमडत्या आसनांवरून लोक उठून उभे राहतात. तो तिथला शिष्टाचार आहे, म्हणून आईवडिलांना आधीच आतल्या पक्क्या आसनांवर बसवावे. पाकीट मागच्या खिशात ठेवू नये आणि पिशवी पुढे धरावी, विशेषतः एक क्रमांकाच्या गाडीत.

शेवटी, आपण विचारलेल्या देवळाविषयी. अठराव्या प्रभागात, र्‍यू पाजोल या रस्त्यावर श्री माणिक्क विनायकर हे तमिळ भाविकांनी उभारलेले गणपतीचे मंदिर आहे आणि गणेशोत्सवाच्या सुमारास तिथून रथयात्रा निघते. आजूबाजूला इडली-डोसा आणि साधा भात सहज मिळतो. नकाशा आपल्याला दोन क्रमांकाच्या मार्गावरचे ला शापेल हे स्थानक सुचवेल, पण ते रस्त्याच्या वर, पुलावर आहे. त्याऐवजी आरईआरने गार द्यू नॉरला उतरावे आणि तिथून दहा-बारा मिनिटे रस्त्याने सावकाश चालत जावे.